मुलुंडची चावी

११ जुलै १७६३. येमेनच्या डोंगराळ भागातलं यरीम नावाचं गाव. पेटर फोर्सस्कोल हा ३१ वर्षांचा स्वीडिश वनस्पतिअभ्यासक त्या दिवशी हिवतापाने गेला. हा ताप डासांमुळे येतो हे कळायला जगाला अजून सव्वाशेहून जास्त वर्षं लागणार होती.

फोर्सस्कोल हा लिनियसचा शिष्य, आणि माणूस भलताच हट्टी. १७५९ मध्ये त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक पत्रक लिहिलं होतं. सरकारने ते जप्त करायचा हुकूम काढला, तोवर त्याने स्वतःच उप्साला गावात त्याच्या प्रती वाटून टाकल्या होत्या. लिनियसने अंगाला घट्ट चिकटणाऱ्या एका झुडपाला त्याचं नाव दिलं. ते शिष्याचा स्वभाव बघूनच दिलं असं म्हणतात.

डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी सहा जणांची मोहीम काढली होती. जानेवारी १७६१ मध्ये ती कोपनहेगनहून निघाली. भाषातज्ज्ञ मोखा बंदरात वारला, मग फोर्सस्कोल यरीमला. उरलेले चौघे जहाजात बसून मुंबईकडे निघाले, तर चित्रकार आणि नोकर वाटेत समुद्रातच गेले. डॉक्टर मुंबईत पोचला आणि १७६४ च्या सुरुवातीला इथेच वारला. राहिला एकटा कार्स्टन नीबुर, मोहिमेचा नकाशे काढणारा. तो वर्षभराहून अधिक काळ मुंबईच्या आसऱ्याने राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली, आणि मग खुष्कीच्या मार्गाने १७६७ मध्ये कोपनहेगनला परतला. मित्राची टिपणं त्याने सांभाळून ठेवली होती. १७७५ मध्ये ती त्यानेच छापून आणली.

पुढच्या पिढ्यांतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तुळशीच्या कुळातल्या एका झुडपाला फोर्सस्कोलचं नाव दिलं: कोलियस फोर्स्कोहली. स्पेलिंगची वाट लागली, पण नाव टिकलं. आपल्या कुंड्यांमधल्या पानओव्याचं हे भावंड. निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे, सुगंधी पानं, आणि जमिनीखाली जाडसर मुळं. भारत, अरबस्तान, पूर्व आफ्रिका अशा मोठ्या पट्ट्यात ते वाढतं. गुजरातेत या मुळांचं लोणचं घालतात, त्याला गरमर म्हणतात. अलीकडे शास्त्रज्ञांनी झाडाचं नाव पुन्हा बदललंय, आता ते कोलियस बार्बाटस. पण तोवर या मुळांतल्या एका रेणूला फोर्सस्कोलचं नाव चिकटून गेलं होतं, आणि ते आता सुटणार नाही. तो रेणू सापडला आपल्या मुलुंडमध्ये.

जर्मनीतल्या होक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र मुलुंडला होतं. त्या काळात हे जरा नवलाचंच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणं बंद झालं, मिळणार ते फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर. त्यामुळे बहुतेक परदेशी कंपन्यांना इथे नवीन औषध शोधण्यात रस नव्हता. गोरेगावात सिबाचं केंद्र आणि मुलुंडला होक्स्टचं, हे ठळक अपवाद. मुंबईच्या या दोन उपनगरांत, लोकलच्या अंतरावर, जागतिक दर्जाचं नैसर्गिक रसायनशास्त्र चालू होतं हे आज किती जणांना माहीत आहे? मला पंचविशी उलटेपर्यंत नव्हतं.

मुलुंडचं काम सांगायला सोपं आणि करायला चिवट. भारतातल्या वनस्पती गोळा करायच्या, त्यांचा अर्क काढायचा, आणि तो भूल दिलेल्या प्राण्याला देऊन रक्तदाब आणि हृदय यांच्यावर काय होतं ते बघायचं. काही झालंच तर अर्काचे भाग पाडायचे, कोणत्या भागात गुण उतरला ते पाहायचं, त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत शेवटी बाटलीत एकच शुद्ध पदार्थ उरतो. कोलियस फोर्स्कोहलीच्या मुळांतून असे पांढरे स्फटिक मिळाले. रक्तदाब उतरत होता आणि हृदयाचं आकुंचन जोरकस होत होतं. हृदय थकलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं.

सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या रेणूची रचना प्रसिद्ध केली: २२ कार्बन, ३४ हायड्रोजन, ७ ऑक्सिजन, आणि आठ जागा अशा की जिथे अणूंची दिशा डावी-उजवी होऊ शकते. म्हणजे तेच अणू त्याच क्रमाने जोडूनही कागदावर २५६ वेगवेगळे रेणू होऊ शकतात. झाड त्यातला एकच बनवतं. मुलुंडच्या लोकांनी मग झाडाचे नातलगही तपासले. कोलियसच्या इतर जाती, शेजारच्या प्रजाती, बरेच नमुने. फोर्स्कोलिन कुठेच नाही. फक्त या एकाच झाडात.

आता इथे एक भांडण आहे, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत, त्याच सुमारास त्याच झाडावर काम चालू होतं. तिथल्या मंडळींनी १९७४ मध्येच रक्तदाब उतरवणाऱ्या पदार्थाची नोंद केली होती आणि त्याचं नाव ठेवलं होतं कोलिओनॉल. दोन्हीकडे काढलेल्या रचना जवळजवळ सारख्याच होत्या. लखनौच्या कागदावर काही अणूंची दिशा तेवढी वेगळी होती. त्यामुळे बरीच वर्षं हे दोन सख्खे पण वेगळे रेणू आहेत असंच मानलं गेलं. १९८५ मध्ये सिद्ध झालं की दोन्ही एकच. पण तोवर जगभरच्या शोधनिबंधांत फोर्स्कोलिन हेच नाव रुळलं होतं. का? मुलुंडच्या मागे फ्रँकफर्टची कंपनी होती आणि तिच्याकडे पाकीट पाठवायची सोय होती. परदेशातल्या शास्त्रज्ञाला हा पदार्थ हवा असेल तर तो होक्स्टकडून मिळायचा, आणि पाकिटावर जे नाव तेच निबंधात जाणार. विज्ञानात पहिलं कोण हे तारखेवरून ठरतं असं आपण समजतो. पुष्कळदा ते टपालावरून ठरतं.

अजून एका प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नव्हतं. हा रेणू हृदयाला जोर देतो हे खरं, पण कसा? हे समजायला वीस वर्षं मागे, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला जावं लागेल.

तिथे अर्ल सदरलँड हा शास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नामागे लागला होता. आपण घाबरलो की रक्तात अ‍ॅड्रेनलिन येतं आणि यकृत साठवलेली साखर सोडायला लागतं. पण अ‍ॅड्रेनलिन यकृताच्या पेशीत शिरतच नाही, बाहेरूनच दार वाजवतं. मग आतल्यांना निरोप पोचवतं कोण? १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सदरलँड आणि थिओडोर रॉल यांना तो निरोप्या सापडला. सायक्लिक एएमपी नावाचा एक छोटा रेणू. पेशीच्या आवरणात बसलेलं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज नावाचं विकर तो बनवतं. हृदयाची धडधड असो, मूत्रपिंडातलं पाणी असो की आतड्यातला स्राव, कितीतरी ठिकाणी हाच एक निरोप्या पळापळ करत असतो. सदरलँडला १९७१ चं नोबेल मिळालं, तेही एकट्याला.

निरोप्या सापडला, पण अभ्यास करायची पंचाईत झाली. एखाद्या पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं तर काय होतं हे बघायचं असेल, तर ते आत घालायचं कसं? पेशीचं आवरण म्हणजे तेलाची भिंत. सायक्लिक एएमपीवर विद्युतभार असतो, त्याला ती भिंत सहजी ओलांडता येत नाही. सदरलँडच्याच गटाने १९६२ मध्ये त्याला तेलकट शेपट्या जोडून आत सरकवण्याची युक्ती काढली. ती चालायची, पण हा बाहेरून आणलेला, वेष पालटलेला निरोप्या. दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅड्रेनलिनसारखं संप्रेरक वापरणं. त्यात अडचण अशी की प्रत्येक पेशीचं दार वेगळं. एका पेशीवर चालणारं संप्रेरक दुसऱ्या पेशीला ओळखूही येत नाही.

१९८१ मध्ये दोन ठिकाणांहून उत्तर आलं. होक्स्टच्याच मेट्झगर आणि लिंडनर यांनी दाखवलं की फोर्स्कोलिनमुळे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालू होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केनेथ सीमन आणि जॉन डेली यांनी ते तपशिलात मांडलं. डेली म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या जंगलात फिरून विषारी बेडकांच्या कातडीतली रसायनं गोळा करणारा माणूस. निसर्गातल्या विचित्र रेणूंची कदर करावी तर त्यानेच. फोर्स्कोलिन तेलकट असल्याने पेशीच्या भिंतीतून अलगद आत जातं. काही मिनिटांत आतलं सायक्लिक एएमपी चढतं. धुऊन काढलं की पुन्हा उतरतं. आणि ही करामत मेंदूच्या पेशीत होते, हृदयाच्या होते, यकृताच्या होते. दार कोणतंही असो, फरक पडत नाही.

मग प्रश्न आला की हे नेमकं बसतं कुठे. दार वाजल्यापासून विकर चालू होईपर्यंत मध्ये एक मध्यस्थ असतो, त्याला जी-प्रोटीन म्हणतात. त्या काळात या मध्यस्थाचाच शोध जोरात चालला होता आणि पुढे १९९४ मध्ये त्यावर आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना नोबेल मिळालं. गिलमनच्या कामात उंदराच्या कर्कपेशींचा एक बिघडलेला वाण फार उपयोगी पडला होता. त्या पेशींत हा मध्यस्थच नसतो. अ‍ॅड्रेनलिनचं कुळ कितीही ओता, आत हूं नाही की चूं नाही. सीमन आणि डेली यांनी त्या पेशींवर फोर्स्कोलिन टाकलं. सायक्लिक एएमपी वाढलं. मध्यस्थ असेल तर परिणाम आणखी चढतो, पण नसला म्हणून काम अडत नाही. याचा अर्थ फोर्स्कोलिन थेट विकरालाच हात घालतं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: अ‍ॅप चालत नाही. दोष लॉगिनमध्ये आहे, मधल्या सर्व्हरमध्ये आहे की मागच्या डेटाबेसमध्ये? शोधायचं तर लॉगिन आणि सर्व्हर दोन्ही ओलांडून डेटाबेसला सरळ विचारायची एक वाट हवी. तिथून उत्तर आलं, तर दोष अलीकडे कुठेतरी आहे. फोर्स्कोलिनने जीवशास्त्राला ती वाट दिली. गेली चाळीस वर्षं प्रयोगशाळेत कुणालाही शंका आली, की इथे सायक्लिक एएमपीचा हात आहे का, तर पहिल्यांदा कपाटातून हीच बाटली निघते.

अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकरही याच चावीने हाती लागलं. ते पेशीत अतिशय थोडं असतं आणि भिंतीतून बाहेर काढलं की चटकन बिघडतं. १९८२ मध्ये फोर्स्कोलिन बारीक मण्यांना बांधण्याची युक्ती निघाली. पेशींचा रस त्या मण्यांवरून सोडायचा. हजारो प्रथिनं वाहून जातात, आपलं विकर तेवढं गळाला लागतं. याच मार्गाने गाईच्या मेंदूतून ते शुद्ध मिळालं आणि १९८९ मध्ये गिलमनच्या डॅलसमधल्या गटाने त्याचा जनुक वाचला. १९९७ मध्ये क्ष-किरणांनी त्याचं चित्र उमटलं. विकराची दोन अर्धुकं समोरासमोर, आणि मधल्या फटीत फोर्स्कोलिन, दोघांना डिंकासारखं धरून ठेवणारं. मुलुंडला आठ दिशा लावून काढलेली आकृती त्या फटीत चपखल बसलेली दिसत होती.

औषध म्हणून काय झालं? फारसं काही नाही. पाण्यात विरघळत नाही, हा एक दोष. दुसरा मोठा. जे विकर हृदयात तेच इतर सगळीकडे, म्हणजे हृदयाला जोर द्यायला जावं तर रक्तवाहिन्या सैल पडतात आणि ठोकेही वाढतात. डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी १९८० च्या दशकात थेंब करून पाहिले गेले. पाण्यात विरघळणारं एक रूप १९९९ मध्ये जपानमध्ये हृदयाच्या तीव्र विकारासाठी मंजूर झालं. तेवढंच. गंमत अशी की सगळी दारं एकाच चावीने उघडणं हा औषधातला अवगुण आणि प्रयोगशाळेतला गुण. होक्स्टच्या हिशेबाच्या वहीत हा प्रकल्प तोट्यात गेला असेल, पण भारतात सापडलेल्या रेणूंपैकी जगभरच्या पेशीशास्त्रज्ञांच्या हातात इतकी वर्षं राहिलेला दुसरा मला तरी आठवत नाही.

चावी म्हटलं तरी ती अगदी निर्मळ नाही, हेही सांगायला हवं. फोर्स्कोलिन पेशीत साखर नेणारी वाहक प्रथिनं अडवतं, पोटॅशियमच्या काही वाहिन्याही अडवतं, आणि त्याचा सायक्लिक एएमपीशी काही संबंध नसतो. यावर तोड म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा एक जुळा भाऊ वापरात आणला, १,९-डायडिऑक्सीफोर्स्कोलिन. दिसायला जवळपास तसाच, पण विकराला चालू करत नाही. प्रयोग दोन्हींनी करायचा. दोन्हींनी सारखाच परिणाम झाला तर समजायचं की सायक्लिक एएमपी निर्दोष आहे, हा रेणूचा स्वतःचा खोडसाळपणा. हा जुळा भाऊ न वापरता काढलेले निष्कर्ष मी तरी चिमटीत मीठ धरूनच वाचतो.

दुकानांतली गोष्ट याहून वाईट. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर डॉ. मेहमेट ओझ यांनी वजन उतरवायला फोर्स्कोलिनची भलामण केली आणि गोळ्यांच्या डब्यांचा पूर आला. माणसांवरचे अभ्यास छोटे आणि त्यांचे निकाल एकमेकांशी न जुळणारे. सगळ्या अवयवांत एकच बटण दाबणारा रेणू मनाने घेऊ नये, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असेल तर.

मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान मात्र वेगळंच वाटतं. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार. पेशीच्या भिंतीतली क्लोराइडची एक वाहिनी बिघडलेली असते, त्यामुळे फुप्फुसांत आणि आतड्यांत चिकट स्राव साठतो. ती वाहिनी उघडायचा हुकूम सायक्लिक एएमपीकडून येतो. अलीकडच्या काळात यावर महागडी पण खरोखर काम करणारी औषधं निघाली. अडचण अशी की या जनुकात बिघाडाचे प्रकार शेकड्यांनी आहेत. काही इतके विरळ, की अख्ख्या जगात मोजकेच रुग्ण. त्यांच्यावर औषधाची रीतसर चाचणी घेणार कशी? आणि चाचणी नाही म्हणून औषध नाही.

२०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या शास्त्रज्ञांनी मार्ग काढला. रुग्णाच्या गुदाशयाचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा घ्यायचा आणि बशीत त्यातल्या मूळ पेशींपासून इवलीशी पोकळ आतडी वाढवायची. मग त्यांवर फोर्स्कोलिन टाकायचं. निरोगी माणसाची आतडी तासाभरात फुग्यासारखी फुगते, कारण वाहिनी उघडते, क्षार आत जातात, मागोमाग पाणी जातं. रुग्णाची फुगत नाही. आता त्याच बशीत औषध घालून पुन्हा बघायचं. फुगली, तर या माणसाच्या बिघाडावर हे औषध चालण्याची आशा आहे. ज्याच्या प्रकाराचा दुसरा रुग्ण देशात नाही, त्याची चाचणी त्याच्याच पेशींवर, बशीत. अशा निकालांच्या आधारे विरळ प्रकारच्या रुग्णांना औषध मिळू लागलं. १९७७ मध्ये मुलुंडला कुणाच्या मनात आतडी फुगवणं असणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी, २०१३ मध्येच, चिनी शास्त्रज्ञांनी केवळ सात रसायनं वापरून उंदराच्या प्रौढ पेशींना पुन्हा भ्रूणावस्थेसारखं केलं. त्या सातांतही फोर्स्कोलिन होतं.

मुलुंडचं केंद्र पुढे तसं राहिलं नाही. याच ठिकाणी पेशीविभाजनाची यंत्रणा रोखणारं फ्लॅवोपिरिडॉल तयार झालं. सह्याद्रीतही आढळणाऱ्या एका झाडातल्या रेणूवरून त्याची कल्पना निघाली होती, आणि त्या प्रकारच्या औषधांपैकी माणसांवर चाचणी झालेलं ते पहिलं. १९९८ मध्ये होक्स्टने हे केंद्र निकोलस पिरामलला विकलं. पुढच्याच वर्षी होक्स्ट स्वतःच एका फ्रेंच कंपनीत विलीन होऊन नावानिशी संपली.

रेणू मात्र अजूनही मुळांतूनच येतो. कागदावर तो बनवता येतो, १९८८ च्या सुमारास तीन गटांनी तो पूर्णपणे कृत्रिमरीत्या बनवूनही दाखवला, पण इतक्या पायऱ्या चढून की कुणाला परवडू नये. म्हणून तमिळनाडूत, कर्नाटकात शेतकरी कोलियस लावतात, मुळं खणतात, वाळवतात आणि अर्क काढणाऱ्या कंपन्यांना देतात. २०१७ मध्ये एका विद्यापीठाच्या गटाने झाडात हा रेणू बनतो कसा याची साखळी उलगडली, तिचे जनुक पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घातले, आणि यीस्टने फोर्स्कोलिन बनवलं. विद्यापीठ होतं कोपनहेगनचं. ही यीस्टची टाकी उद्या स्वस्त झाली तर शेतातल्या मुळांना गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न त्या निबंधाच्या कक्षेतला नव्हता. गरमरचं लोणचं घालणाऱ्यांना अर्थात काही फरक पडायचा नाही.

आज कोणत्याही रसायन विक्रेत्याकडे फोर्स्कोलिन मागवलं तर छोट्या कुपीत काही मिलिग्रॅम पांढरी भुकटी येते. ती डीएमएसओत विरघळवायची असते. सोबतच्या माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात पर्यायी नावांचा एक रकाना असतो. त्यात लखनौचं नाव अजून आहे: कोलिओनॉल.